चार अनोळखी बायका

मग, बाकी तिघींचाही एक जूनच निघाला ना, हवालदार साहेब? वाटलंच मला. तुम्ही अंगणात गाडी लावलीत तेव्हाच म्हटलं — हे साहेब गंगीकडे, पुष्पाकडे, बाळीकडे एक जून, एक जून, एक जून लिहून आलेत आणि आता चौथा एक जून ऐकायला आलेत, म्हणून चेहरा असा झालाय. बसा ना. त्या खाटेवर नको, तिची दोरी सैल झालीय, पाहुणा मधोमध खाली जातो आणि मग दोघांनी ओढून काढावा लागतो. या खुर्चीवर बसा. खुर्ची बुध्याकडून आणलीय, तुमच्यासाठीच — काल तुमचा निरोप आला ना, पासपोर्टच्या चौकशीला येतो म्हणून, तेव्हापासून खुर्ची इथेच आहे. बुध्या म्हणजे शेजारचा. साक्षीदार लागला तर तोच तयार आहे. त्याला फारसं ऐकू येत नाही, म्हणून साक्षीला बरा.

हां, तर मला तिघींनी बजावून ठेवलंय. "फागे, साहेब विचारतील त्याला हो म्हणायचं नाही तर नाही म्हणायचं. तिसरा शब्द काढलास तर याद राख." गंगीने तर देवासमोर शपथ घ्यायला लावली. म्हणून मी आता हो आणि नाही, एवढंच बोलणार आहे. चहात साखर चालते ना? विचारा तुम्ही.

जन्मतारीख — हो. तीच. एक जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. म्हणजे कागदावर तीच. खरी नाही. खोटी पण नाही हो, असं बघू नका — गुरुजींनी दिलेली आहे. आता तुम्हीच सांगा, माझं नाव फागी. फागी म्हणजे फाल्गुनातली, शिमग्याच्या आदल्या दिवशी जन्मलेली. तो महिना जूनच्या जवळ तरी येतो का? बाळी जन्मली भाताच्या लावणीत, तिची आई चिखलातून उठून घरी गेली आणि संध्याकाळी पोर घेऊनच दारात बसली. गंगी दिवाळीतली. पण आश्रमशाळेत नाव घालायला गेलो तेव्हा गुरुजींनी विचारलं, तारीख काय? माझी आई म्हणाली, होळीची लाकडं तोडत होते बघा, तेव्हाची. गुरुजींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि लिहिलं — एक जून. वर्गातल्या एकोणतीस पोरांना एक जून. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, साहेब. एक जूनला आमच्या ग्रुपवर नुसते केकच केक, कोण कोणाला शुभेच्छा देतंय काही कळत नाही. आणि ठाण्याला पासपोर्टच्या ऑफिसात त्या काचेमागच्या बाईंनी आमचे चार अर्ज एकावर एक ठेवले आणि विचारलं, तुम्ही चौघी जुळ्या का? बाळी हसायला लागली. फोटोत हसायचं नाही म्हणून तिला सकाळपासून सांगत होतो, झालं — तिचा फोटो तीनदा काढला. गंगीचा एकदाच. गंगी हसतच नाही.

तर हो. तारीख तीच. पुढचं विचारा.

कुठे जाणार ते विचारायचं नाही तुम्हाला? कागदातच नाही? मग सांगायला नको मी. हो की नाही, एवढंच ठरलंय. — मस्कतला. अरबांच्या देशात, ओमान म्हणतात त्याला. पुष्पाची पोरगी आहे ना, प्रतिक्षा, ती तिथे नर्स आहे. दोन वर्षं झाली. आमच्यासमोर नागडी फिरलेली पोर, आता इंग्लिशमध्ये माणसांची ब्लड प्रेशर मोजते. मागच्या उन्हाळ्यात तिने व्हिडिओ फोन लावला. इथे रेंज नाही, त्या वरच्या खडकावर चढलं की दोन काड्या येतात, म्हणून आम्ही चौघी खडकावर, पुष्पाच्या हातात फोन. पोरगी तांदूळ धूत होती. समोर नळ चालू. आणि बोलतेय — आई जेवलीस का, मावशी कशी आहेस, पाय दुखायचे थांबले का — आणि मागे पाणी चाललंय, चाललंय, आपलं चाललंय. आम्हाला तिचं काही ऐकूच येईना. आम्ही चौघी एकदम ओरडलो — अगं बंद कर! ती घाबरली. तिला वाटलं गॅस राहिला. म्हणाली, काय बंद करू? अगं नळ! तर हसते आणि म्हणते कशी, मावशी, इथे चोवीस तास पाणी असतं.

वाळवंट आहे हो ते. पाऊस वर्षात चार दिवस पडला तर लोक पोरंबाळं घेऊन गाड्यांतून बघायला जातात म्हणे. आणि आमच्या या सूर्यमाळच्या डोंगरावर? तुम्ही दिवाळीनंतर बदलून आलात ना, म्हणजे तुम्ही पाऊस बघितलाच नाही अजून. चार महिने ढग घरात येऊन बसतात. गोधडी वाळत नाही, मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पोटाशी घेऊन झोपावं लागतं. आणि शिमगा झाला रे झाला की विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायचं. एक वाटी, मग थांबायचं, मग दुसरी वाटी. त्या रात्री — म्हणजे फोन झाला त्या रात्री — बाळी म्हणाली, हे जाऊन बघायला पाहिजे. गंगी म्हणाली, काय बघणार? तर म्हणाली, नळ. अशी ठरली आमची सहल. लोक वाळवंटात उंट बघायला जातात, आम्ही पाणी बघायला चाललोय.

नुसता नळ नाही हं. प्रतिक्षा म्हणाली, तिकडे डोंगरात जुनी गावं आहेत, तिथे शेकडो वर्षांपासून डोंगराच्या पोटातून पाट काढून पाणी आणलेलं आहे, आणि गावकरी पाळीपाळीने वाटून घेतात. ज्याची पाळी, त्याच्या बागेत पाणी. पूर्वी काठी रोवून सावलीवर वेळ मोजायचे. आणि भांडण नाही! म्हणजे असेल, पण शेकडो वर्षं टिकलंय तर कमीच असणार. हे ऐकल्यापासून गंगीला झोप नाही. गंगी आमची बोलते कमी, पण विहिरीवर रांग तीच लावते. तिला ती काठी बघायचीय.

जव्हारला गोरख आहे, झेरॉक्सवाला, तो तिकिटंही काढतो. त्याने आधी आम्हाला दुबईची टूर दाखवली. सगळ्यात उंच बिल्डिंग म्हणे, वर जाऊन खाली बघायचं. गंगी म्हणाली, आम्ही राहतो कुठे रे? रोज खालीच बघतो. मग त्याने स्वस्तातलं स्वस्त मस्कतचं तिकीट शोधलं, तर ते भर मे महिन्याचं. स्वस्त का, तर त्या उन्हात तिथे कोणी जात नाही. पण मे महिन्यात आम्ही चौघी इथून हललो तर घरोघरी पाणी कोण भरणार? जूनमध्ये पेरणी. पुढे लावणी, निंदणी, कापणी. दिवाळीनंतर अर्धा पाडा कामाला खाली उतरतो, मग म्हातारी माणसं आमच्यावर. शिमग्याला घर सोडायचं नाही. शिमग्यानंतर बोहाडा, त्यात आमच्या घरचे मुखवटा बांधून राक्षसाचं सोंग नाचवतात, ते न बघता गेले तर वर्षभर ऐकावं लागेल. असं करत करत गोरखच्या कॅलेंडरवर सगळ्या महिन्यांवर फुल्या पडल्या आणि एप्रिलातले सहा दिवस उरले. बोहाडा झाल्यावर आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या आधी. गोरख म्हणाला, मावशी, मंत्र्याला सुद्धा तुमच्याहून जास्त सुट्टी असते.

राहायचं प्रतिक्षाच्या खोलीवर. चटया आम्ही नेणार. जेवण आमचं आम्ही करणार — तांदूळ, नाचणीचं पीठ, सुके बोंबील, तिखट. चौघींत दोन बॅगा. रेशन दुकानाच्या काट्यावर वजन करून बघितल्या, तर एक बॅग चार किलो जास्त. सगळं काढलं आणि बघतो तर तळाला बाळीने पाटा घातलेला! वाटायचा, दगडी पाटा! म्हणते, तिथल्या मिक्सरमधल्या चटणीला चव नसणार. गंगी तिला म्हणाली, तुझ्याऐवजी पाट्याचंच तिकीट काढते, तो बडबड तरी करणार नाही. आणि बाळी भाषा शिकतेय. प्रतिक्षाने 'शुक्रन' शिकवलं, म्हणजे आभारी आहे. तर मोखाड्याच्या स्टँडवर चहावाल्याला शुक्रन, कंडक्टरला शुक्रन. कंडक्टर म्हणाला, आज शुक्रवार नाही, बाई, मंगळवार आहे.

तुम्ही हसलात. बरं वाटलं. मला वाटलं पोलीस हसत नसतात.

घरच्यांना माहीत आहे का? — हो. म्हणजे... हो. आमच्या घरचे जगन, ते आत्ता रानात गेलेत, त्यांना मी सांगितलंय की मस्कत वसईच्या पुढे आहे. मग? आहेच की वसईच्या पुढे! खोटं काय त्यात? त्यांना देशाचं काही नाही हो. त्यांनी एकच विचारलं, सहा दिवस पाणी कोण आणणार? मी म्हटलं, तुम्ही. तेव्हापासून सराव करतायत. पहिल्या दिवशी डोक्यावर हंडा घेऊन निघाले, घरी पोचले तेव्हा हंड्यात तांब्याभर पाणी आणि बाकीचं अंगावर. मला म्हणाले, अगं, ही वाट इतकी चढाची कधीपासून झाली? मी म्हटलं, माझ्या लग्नापासून.

काय विचारलंत? गेलं एक वर्ष सलग इथेच राहते का — हो. हो हो. कुठे जाणार? एक दिवस सुद्धा बाहेर नाही. या पाड्यावर मला विचारल्याशिवाय विहिरीत बादली पडत नाही. मी इथे नसते तर मागच्या मे महिन्यात त्या टँकरच्या —

नाही. काही नाही. हो, राहते. हो लिहा.

गुन्हा? म्हणजे पोलिसात नाव वगैरे? नाही. बघा, कसं एका शब्दात सांगितलं. नाही म्हणजे नाही. चहा घ्या ना, गार होतोय. झालं सगळं? सही कुठे करू — इथे? माझी सही जरा मोठी आहे, चौकटीत मावत नाही. हे बघा. गेली बाहेर. चालेल ना?

आता कागदाचं काम झालं ना? मग एक वेगळंच विचारू, साहेब? कागदाशी काही संबंध नाही त्याचा. तुमच्या चौकीत एक हंडा आहे का? स्टीलचा, काठाला जरासा पोचा आहे, लिंबाएवढा. आहे ना? बाळी म्हणाली होती, बाकावर ठेवलाय, प्यायचं पाणी भरतात त्यात. तुम्ही पण त्यातलंच पिता? मग गार राहत असेल बघा, स्टीलचा असून. चांगला हंडा आहे तो. माझ्या आईने लग्नात दिलेला, जव्हारच्या बाजारातून, दोन पावसाळे लाकडाच्या मोळ्या विकून. तसा दुसरा आता मिळत नाही, आता नुसते पत्र्याचे. मी म्हटलं, साहेब नवीन आहेत, माणूस चांगला दिसतो, विचारून बघावं — तो परत मिळेल का? काम संपलं असेल तर? आता विहिरीवरून दोन हंडे आणायचे तर दुसरा मला बुध्याच्या घरून मागावा लागतो. खुर्चीसारखा.

माझाच आहे ना म्हणून काय विचारता, त्याच्यावर नाव आहे! दुकानदाराने मशीन लावून टिंब-टिंब काढून दिलंय — 'फागी हिस आईकडून'. कडेला नक्षी होती म्हणून तळाला घातलं. तुमच्या लोकांना कसं दिसणार, तो हंडा कायम भरलेला. भरल्या हंड्याचा तळ कोण बघतो?

तिथे कसा गेला? — गेला आपला. म्हणजे तुमच्या जीपमधून गेला. राहू दे ते. नाही, राहू दे म्हटलं ना. गंगी मला... बरं, पण मग तुम्हाला उगाच वाटेल आम्ही काही वाईट केलं. तसं नव्हतं हो. मे महिना होता, नऊ दिवस टँकर आला नव्हता. दहाव्या दिवशी आला, आणि थांबेचना! वर एका बंगल्याची पोहायची टाकी भरायला चाललेला. पोहायची, साहेब! आम्ही चौघी रस्त्यात उभ्या राहिलो. चालवणारा पोश्या, चांगला पोरगा, त्याला शिवी नाही दिली, हात नाही लावला. जेवलास का विचारलं. नव्हता जेवला. मग भाकरी दिली, बोंबलाची चटणी दिली, आंब्याखाली खाट टाकून दिली — हीच खाट — तो जेवला आणि मधोमध जाऊन झोपला. शर्ट काढून ठेवला होता, शर्टात तोटीच्या कुलुपाची किल्ली. आता गंगीने मागची तोटी फिरवली तर त्यात आमचा काय... चाळीस घरं, साहेब. पातेली, बादल्या, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, एकीने तर पाळण्याला प्लास्टिक बांधून पाणी भरलं. पोश्या उठला तेव्हा टँकर रिकामा आणि खाली एवढा चिखल की चाकं रुतलेली. मग ढकलून कोणी दिला? आम्हीच! चौघींनी! तुमची जीप आली तेव्हा पळापळ झाली, माझ्या डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. कमरेवरचा सुटला. एवढंच.

आणि तक्रार पण पोश्याच्या मनातली नाही, त्याच्या मालकाने लिहून घेतली. काय लिहिलं पोश्याने? 'चार अनोळखी बायका.' अनोळखी! गंगीला तो मावशी म्हणतो, तिच्या लग्नात मुंडावळ्या बांधून हाच बारका करवला म्हणून बसलेला! त्या दिवसापासून आम्ही चौघी एकमेकींना हाक मारतो — ए अनोळखी, पाण्याला येतेस का? ए अनोळखी, पासपोर्टचा फॉर्म...

साहेब. तुम्ही लिहायचं का थांबलात?

तुमच्या पिशवीत आमच्या चौघींचे कागद आहेत ना.

हे बघा, माझं ऐका. मी फार बोलते, पाड्यावर कोणालाही विचारा, बुध्याला सुद्धा विचारा. त्यातलं निम्मं खरं नसतं. चौघी नव्हत्याच तिथे. मी एकटी होते. मी इकडून तिकडे सारखी पळत होते, म्हणून पोश्याला चार वाटल्या असतील, तो झोपेतून उठलेला, ऊन डोळ्यावर. तोटी मीच फिरवली. ढकलला पण मी. हंडा माझा, नाव माझं, मग बाई पण मीच, बरोबर ना? तर असं करा, माझा कागद फाडा. नाही तर त्यावर काय लिहायचं ते लिहा, शाई लाल असेल तर लालने लिहा. पण त्या तिघींचं अडकवू नका. पुष्पाने दोन वर्षं पोरीच्या अंगाला हात लावलेला नाही, साहेब. फोनच्या काचेवर हात फिरवते. बाळीने पाटा काढून ठेवलाय बॅगेतून, रडली नाही, पण दोनदा वळून बघितलं. आणि गंगीला ती काठी बघायचीय. ती आली की इथे सावलीवर पाळ्या लावेल, तुम्ही बघाल. मी काय, मला प्रतिक्षा फोनवर दाखवेल नळ. मी खडकावरून बघेन. मी बंद कर म्हणून ओरडणार सुद्धा नाही.

उठलात? चहा अर्धाच घेतलात. बरं. नाही, मी काही म्हणत नाही आता. हो, नाही, काहीच नाही. टोपी राहिली तुमची, ही घ्या. उतारावर खडी आहे, दुसऱ्या गिअरमध्ये जा, सगळे तिथेच घसरतात. जा सावकाश. आणि चौकीत ते पाणी... नाही. काही नाही. जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फागीने दार उघडलं तर ओट्यावर तिचा हंडा पालथा, तळ वर करून ठेवलेला होता. आणि नऊ वाजता खडकावर चढलेल्या चौघींच्या मोबाईलवर एकामागून एक चार मेसेज आले, पोलीस चौकशी पूर्ण झाली, हरकत नाही.